लिबसीचा सहावा आकडा
लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्राम ज्या सामाईक लायब्ररीवर उभे असतात, तिच्या फाइलचे नाव ‘लिबसी.एसओ.६’. फाइल उघडणे, मेमरी मागणे, मजकूर छापणे ही कामे तिच्यात एकदाच लिहिलेली असतात. त्यामुळे जागा वाचते आणि एक दोष दुरुस्त झाला की सगळ्यांना लाभ होतो. धोकाही त्यातच आहे: तिचे वागणे बदलले की तिच्यावर विसंबलेला जुना प्रोग्राम बिघडू शकतो.

१९९० च्या दशकात विंडोजवर हे सर्रास घडे. एखादा इन्स्टॉलर डीएलएलवर, म्हणजे विंडोजच्या सामाईक लायब्ररीवर, स्वतःची, कधी जुनीच, आवृत्ती चढवी आणि भलताच प्रोग्राम बंद पडे. विंडोज २००० ने सिस्टिमच्या फायलींना संरक्षण दिले.

लिनक्सने उपाय नावात ठेवला. शेवटचा आकडा ही सुसंगतीची हमी. ती मोडणारा बदल केला तर आकडा वाढवायचा. १९९७ मध्ये या लायब्ररीची जीलिबसी २ ही आवृत्ती आली तेव्हा पाचाचा सहा झाला आणि संक्रमणाच्या काळात दोन्ही लायब्रऱ्या शेजारीशेजारी ठेवाव्या लागल्या. इंटेल घराण्याच्या संगणकांवर तो सहा आजही तसाच आहे. कारण १९९९ च्या २.१ पासून प्रत्येक फंक्शनलाच आवृत्तीची खूण मिळाली. एकाच फाइलमध्ये जुने आणि नवे रूप एकत्र राहू लागले.

या व्यवस्थेची खरी कसोटी मेमरीतले बाइट एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवणाऱ्या ‘मेमकॉपी’ या फंक्शनने पाहिली. २०१० मध्ये फेडोरा १४ या लिनक्स वितरणात त्याचे नवे, वेगवान रूप काही प्रोसेसरांवर बाइट शेवटाकडून उचलू लागले. एकमेकांवर येणाऱ्या जागांसाठी हे फंक्शन वापरू नये, हा नियम जुनाच. पण ब्राउझरमधला फ्लॅश प्लेयर तेच करत होता आणि त्याचा आवाज खरखरू लागला. चूक फ्लॅशची होती. तरी चालता प्रोग्राम मोडणे वापरणाऱ्याच्या दृष्टीने गैरच, हे लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचे म्हणणे रास्त होते. २०११ च्या २.१४ मध्ये नव्या रूपाला नवी खूण मिळाली. आधी बांधलेल्या प्रोग्रामांना सोशिक रूप मिळत राहिले.

हे संरक्षण मात्र एकाच दिशेचे आहे. नव्या सिस्टिमवर बांधलेला प्रोग्राम जुन्या सिस्टिमवर नेला, तर हवी ती खूण सापडत नाही आणि तो सुरूच होत नाही. म्हणून जाणकार आधार द्यायच्या सर्वांत जुन्या सिस्टिमवरच प्रोग्राम बांधतात. फ्लॅटपॅकसारख्या पद्धतीत प्रोग्राम सिस्टिमच्या लायब्रऱ्यांऐवजी ठरावीक आवृत्तीचा वेगळा संच वापरतो. संघर्ष टळतो, पण सुरक्षेचा दोष निघाला की असा प्रत्येक संच वेगळा दुरुस्त करावा लागतो.