वाचून नाही, ऐकून बघा

अलीकडे माझ्या लेखांबरोबर पाच-सहा मिनिटांचं एक ध्वनिमुद्रणही असतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. "मॅडम, लिहिता तेवढं पुरे की! हे पॉडकास्टचं खूळ आणखी कशाला?" असं एका जुन्या रुग्णांनी थेट विचारलं. हा प्रश्न तुमच्यापैकी आणखी काहींच्या मनात असेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पॉडकास्ट म्हणजे आपल्याला हवा तेव्हा लावता येणारा, मध्येच थांबवता येणारा आणि पुन्हा मागे नेता येणारा रेडिओ. गाणी ऐकायच्या 'आयपॉड' या यंत्राच्या नावातला 'पॉड' आणि 'ब्रॉडकास्ट'मधला 'कास्ट' जोडून २००४ साली हा शब्द तयार झाला. ते यंत्र २०२२मध्ये कंपनीने बंदही केलं, शब्द मात्र टिकला. आता ऐकायला साधा मोबाइल पुरतो.

डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात, असं २००३ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या लेखात नोंदवलं आहे. माझ्या दवाखान्यात बसून मला या आकड्याचं जराही आश्चर्य वाटत नाही. भीतीने माणसाचे कान बंद होतात. म्हणून तर मी लिहायला लागले, की घरी गेल्यावर शांतपणे पुन्हा वाचता यावं. पण काही गोष्टी कागदावर नीट उतरतच नाहीत.

दम्याच्या पंपाचंच घ्या. फवाऱ्याचा पंप असेल तर तो हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, हळूहळू श्वास आत घेताना पंप दाबायचा आणि मग १० सेकंद श्वास रोखून धरायचा. हे सगळं मी लिहून दिलं आहे. आता 'दहा सेकंद' वाचून किती जण खरोखर दहा सेकंद थांबतात? बहुतेकांचे दहा तीनच सेकंदांत संपतात! ध्वनिमुद्रणात मी तुमच्याबरोबर मोजते, एक... दोन... तीन... आणि दहा सेकंद किती लांब असतात ते तुमच्या छातीला कळतं. कॅप्सूल घालून कोरडी पावडर ओढायचा पंप असेल तर श्वास हळू नाही, जोरात आणि झटक्यात ओढायचा असतो. लिहिताना 'हळू' आणि 'जोरात' हे नुसते दोन शब्द. ऐकताना मात्र दोन्ही श्वासांचे आवाजच वेगळे येतात, मग समजावायला फारसं काही उरत नाही.

तसंच हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देण्याचं. मिनिटाला १०० ते १२० दाब, हे वाचून हाताला काय कळणार? त्या गतीने टेबलावर वाजवलेली टकटक ऐकली की हात आपोआप ताल धरतो. अहो, आम्हा डॉक्टरांचा धंदाच मुळी ऐकण्याचा. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची नळी करून रुग्णाच्या छातीला लावली, आणि त्यातून पुढे स्टेथोस्कोप झाला.

पण माझं मन खरं वळवलं ते एका आजींनी. वय सत्तरीच्या पुढचं, अक्षरओळख जेमतेम, त्यात मोतीबिंदू. त्या कित्येक वर्षं अंग बाहेर येण्याचा त्रास सोसत होत्या. गर्भाशय खाली सरकल्यामुळे हे होतं आणि आपल्याकडे असंख्य बायका ते मुकाट्याने सोसतात. याच विषयावरचा माझा लेख त्यांच्या नातवाच्या फोनवर आला होता. पण वाचून दाखवायला घरात होता तो नातूच. त्याला कसं सांगणार, की बाळा, हे वाच? पुढे मी तोच मजकूर बोलून ठेवला, तेव्हा सुनेने फोन लावून दिला, कानात बोंडं घालून दिली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. आठवड्याभराने आजी दवाखान्यात आल्या. "डॉक्टरीणबाई, यावर रिंगही बसवता येते म्हणालात. ऑपरेशनच करायला पाहिजे असं नाही ना?" म्हणजे सगळं नीट ऐकलं होतं. आता त्या रिंग वापरतात आणि देवळाच्या पायऱ्या चढतात.

जे दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं, ते खासगी राहत नाही. ही गोष्ट फक्त डॉक्टरांपुरती नाही. कायदा, शेती, बँकेचे व्यवहार असं काहीही जे लोकांसाठी लिहून समजावतात, त्या सगळ्यांनी कधीतरी स्वतःला विचारावं, की माझा मजकूर कोणाला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो आहे?

याचा अर्थ लिहिणं सोडावं असा नाही. आवाजाच्याही अडचणी आहेत, आणि मराठीत तर खास आहेत. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. 'ही गोळी मनाने बंद करू नका' यातल्या 'नका'वर नेमका रिक्षाचा हॉर्न वाजला तर? म्हणून मी आधी 'चालू ठेवा' म्हणते आणि मग 'बंद करू नका'. आकड्यांचं तर विचारूच नका. एकोणसाठ की एकोणसत्तर, यात शाळेत जाणारी नातवंडंही गोंधळतात. त्यामुळे आकडा मी दोनदा सांगते, दुसऱ्यांदा एकेक अंक सुटा करून. तरीही औषधांची नावं आणि मात्रा यांसाठी लेखच उघडा. ऐकलेलं पुन्हा शोधायला वेळ लागतो, लिहिलेल्यावर नुसतं बोट फिरवलं की सापडतं.

बोलण्याचा माझ्या लिहिण्यावरही परिणाम झाला. समोर एक माणूस बसला आहे असं समजून बोललं, की 'सेवन करावे' तोंडातून निघतच नाही, सरळ 'घ्या' येतं. मिनिटाला साधारण १३० शब्द धरले तर साडेसातशे शब्दांचा लेख सहा मिनिटांत संपतो. त्याहून जास्त वेळ कोणी एका जागी ऐकत नाही, हे पाहून फापटपसाराही गळतो. साधनं म्हणाल तर फोन आणि दुपारी बंद असलेला दवाखाना. पंखा तेवढा बंद ठेवावा लागतो, आणि एप्रिलमध्ये ते सोपं नसतं!

एक विनंती आहे. ध्वनिमुद्रण पुढे पाठवताना मधलाच तुकडा कापून पाठवू नका. सुरुवातीला मी तारीख सांगते ती मुद्दाम, कारण वैद्यकीय सल्ला बदलतो आणि फोनवर फिरणारा आवाज वर्षानुवर्षं फिरतच राहतो. शिवाय तुमचा आवाज किंवा तुमची ओळख पटेल असा तपशील तुमच्या परवानगीशिवाय त्यात कधीच येणार नाही.

पुढच्या वेळी इन्सुलिनबद्दल बोलणार आहे. ऐकताना बाटली आणि सिरिंज हाताशी घेऊन बसा. बाटलीवर ४० लिहिलंय की १०० ते आधी बघा, आणि सिरिंजवरही तोच आकडा आहे ना, ते ताडून पाहा. आकडे वेगळे निघाले तर माझ्या ध्वनिमुद्रणाची वाट बघू नका. पुढचं इंजेक्शन घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना फोन करा.