वरची आच

१० जानेवारी
भाचीने लंडनहून आणलेला स्लो कुकर आज ओट्यावर मांडला. तिकडची वीजही आपल्यासारखी २३० व्होल्टची, तेव्हा नुसती पिन बदलावी लागली. आत जड चिनी मातीचं भांडं, वर काचेचं झाकण, आच मुख्यतः बाजूंनी. खाली २०० वॅट लिहिलंय, म्हणजे पाच तासांना एक युनिट. मळ्यातली लाइट मध्येच गेली तरी भांडं बराच वेळ ऊब धरून ठेवतं, हे मला फार आवडलं.

जाऊबाई बघताक्षणी म्हणाल्या, "हे तर वैलावरचं काम!" अगदी बरोबर. चुलीवर भाकऱ्या व्हायच्या आणि शेजारी वैलावर दूध आपलं निवांत आटत असायचं.

१२ जानेवारी
गुळाचा रव्याचा केक. रवा दह्यात भिजवला, गूळ विरघळवून घातला, तूप, वेलची, शेवटी सोडा. भांड्याला तूप लावलेला कागद. झाकणाखाली सुती पंचा ताणून बांधला आणि त्याची टोकं वर घेऊन झाकणावरच गाठ मारली. पंचा हवाच. वाफ काचेला लागली की तिचं पाणी होतं, ते थेंब केकवर टपकतात आणि वरचा थर गिच्च होतो.

दोन-अडीच तासांनी सुरी घालून पाहिली, स्वच्छ निघाली. कडा तांबूस, आत लुसलुशीत, वरचा भाग मात्र फिकट. भाचीला वाटलं, अजून तासभर ठेवावा. मी म्हटलं, रात्रभर ठेवलास तरी रंग यायचा नाही. खरपूस रंगाला साधारण १४० अंशांच्या पुढची कोरडी आच लागते, आणि या झाकणाखाली सगळी वाफ. तिथे पदार्थाचा पृष्ठभाग शंभराच्या वर जाणार कसा?

म्हणून तर मालवणकडे तवसळी करताना पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवतात. पिकलेली काकडी, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं. खाली विस्तव, वर विस्तव. गोव्याची बेबिंका तर सगळी वरच्या आचेवर उभी असते. नारळाचं दूध, अंड्यातला बलक, साखर आणि मैदा यांचा एक पातळ थर ओतायचा, वरून लाल होऊ द्यायचा, मगच दुसरा. घाई केली की थर एकमेकांत मिसळतात. ओव्हन नसलेल्या बायकांनी आच वरून द्यायची ही युक्ती इतकी बारकाईने साधली होती, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. त्यांना भट्टीची गरजच पडली नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. गूळपोळ्या तव्यावर. कुकर फडताळात.

१७ जानेवारी
शेजारची गाय पहाटे व्याली. वासराला पोटभर पाजूनच वहिनींनी चीक काढला. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक त्याच्या पोटात जावा लागतो, आणि तोही पहिल्या काही तासांत. रोगाशी लढायची ताकद त्याला त्यातूनच मिळते. उरला तो आपला, हा नेम या घरात कुणी मोडत नाही.

पहिल्या धारेचा चीक पिवळाधमक, चमच्यावरून सावकाश ओघळणारा. एवढ्या दाट चिकाची वडी दडस होते, म्हणून वाटीला वाटी दूध घातलं. आधी चमचाभर मिश्रण छोट्या वाटीत उकडून पाहिलं. घट्ट वाटलं, आणखी थोडं दूध ओतलं. ही वाटीची परीक्षा कुठलंही यंत्र आलं तरी सोडू नये. प्रत्येक गायीचा आणि प्रत्येक धारेचा चीक वेगळा. मग किसलेला गूळ ढवळून गाळला, कारण गुऱ्हाळाच्या गुळात कचरा असतोच. वेलची, जायफळ.

डबा कुकरमध्ये कड्यावर ठेवला, निम्म्यापर्यंत कडकडीत पाणी, झाकणाखाली पंचा, आच 'लो'वर. प्रेशर कुकरमध्ये पाणी खदखदतं आणि खरवसाला जाळी पडून पाणी सुटतं. चिकातली प्रथिनं नुसत्या उष्णतेने बांधली जातात, त्यांना उकळीची गरज नाही. दोन तासांनी डबा हलवला तर मधोमध हलकीशी थरथर होती, तेव्हाच बंद केला. गार झाल्यावर वडी कापली: एकही भोक नाही, कड सरळ, जिभेवर विरघळणारी. असा खरवस मी चुलीवरही क्वचितच खाल्लाय. वहिनींचं भांडं रिकामं पाठवायचं नाही म्हणून त्यात वड्याच घालून दिल्या.

२३ जानेवारी
खपली गव्हाची खीर रात्रीच लावली. सडलेले गहू आणि पाणी, बास. गूळ सकाळी, गहू बोटाने चिरडला गेल्यावरच. आधी घातला तर दाणा मऊ व्हायला फार वेळ घेतो. मग नारळाचं दूध, सुंठ.

हे यंत्र मुळात अशाच रात्रभराच्या शिजण्यासाठी जन्मलं. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांची आई लिथुआनियाची. तिकडच्या ज्यू वस्तीत शनिवारी विस्तव पेटवायचा नाही, म्हणून शुक्रवारीच 'चोलंट'ची भांडी बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवून देत. आईकडून ऐकलेल्या त्या आठवणीवरून नॅक्सन यांनी विजेचं भांडं घडवलं. १९४० साली पेटंट मिळालं. पुढे रायव्हल कंपनीने ते विकत घेऊन १९७१ मध्ये 'क्रॉक-पॉट' नावाने बाजारात आणलं. निवती भट्टी त्यांची, वैल आपला.

२६ जानेवारी
हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी खरवसाची कृती लिहून मागितली. केकचंही विचारलं. त्यांना स्पष्ट सांगितलं: ज्याला वरून रंग हवा तो केक जाड बुडाच्या पातेल्यात, झाकणावर निखारे ठेवून करा. दूध बांधायचं असेल, दाणा मऊ करायचा असेल, तर माझ्याकडून कुकर घेऊन जा.

वरच्या आळीतली म्हैस येत्या आठवड्यात व्यायची आहे. म्हशीचा चीक आणखी दाट, तिथे वाटीला दीड वाटी दुधापासून सुरुवात करणार.