मंडळींस सांगणे

आमच्या घरातली लढाईच्या काळातली पत्रं लढाईबद्दल चकार शब्द काढत नाहीत. आजोबा मराठा पलटणीतून आधी मिसरात, मग इटलीत; पण पत्रात चौकशी बैलांची, तंबाखूच्या दराची आणि मनिऑर्डर पोचली का याची. मुक्कामाचं नाव लिहायला बंदी, पत्त्यात नुसता फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर. तरी काही निसटलंच, तर त्यावर सेन्सॉरची काळी शाई. एप्रिल 1945 मध्ये इटलीतल्या सेनिओ नदीकाठी मराठा पलटणीतल्याच नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्याच महिन्यातल्या पत्रात आजोबा विचारतात, विहिरीला पाणी कितपत आहे?

निपाणीच्या आसपासच्या खेड्यांत अशी घरं पुष्कळ. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून बेळगावच्या कॅम्पात आहे. चिकोडी, खानापूर, चंदगड, कागल, सगळीकडची पोरं तिथंच भरती व्हायची. तेव्हा आमचं गाव मुंबई इलाख्यात आणि थोरल्या आत्याचं कागल कोल्हापूर संस्थानात. पुढं 1956 साली आम्ही म्हैसूर राज्यात गेलो आणि कागल आमच्यापासून पुन्हा एकदा वेगळं झालं. आजोबांच्या पाकिटांवर मात्र जिल्हा बेळगाव एवढंच.

पत्रं मोडीत. आम्हा नातवंडांपैकी एकालाही मोडी येत नाही, म्हणून एका निवृत्त शिक्षकांना घरी बोलावलं. ते वाचत गेले आणि मधेमधे आत्या भर घालत गेली. पत्र यायचं ते पणजोबांच्या नावे, ‘तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार’ असं. बायकोला वेगळं पत्र लिहायची रीत नव्हती, आणि आजीला अक्षरओळखही नव्हती. शाळेचे मास्तर सोप्यात बसून मोठ्यानं वाचायचे. आबा, चुलते, शेजारपाजारचे सगळे जमलेले. आजी माजघराच्या दाराआड उभी. गुरांची, वाट्याच्या शेताची, देण्याघेण्याची चौकशी संपली की अगदी शेवटी एक ओळ यायची: ‘मंडळींस सांगणे की प्रकृतीस जपावे.’ मंडळी म्हणजे आजी.

‘‘मास्तर तेवढी ओळ दोनदा वाचायचे,’’ आत्या म्हणाली. ‘‘आबांना कळायचं, पण बोलायचे न्हाईत.’’

त्या मास्तरांचं नाव कुठल्याच कागदावर नाही. मला विचाराल तर पदकांपेक्षा त्यांचे उपकार मोठे.

नावाचा प्रश्न त्याआधीच्या लढाईतही आहे. पणजोबांचे धाकटे भाऊ पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे गेले ते परतलेच नाहीत. 29 एप्रिल 1916 ला इराकमधल्या कुत-अल-अमाराचा वेढा इंग्रजी फौजेच्या शरणागतीनं संपला, त्यात मराठा पलटणीही होत्या. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत. हिंद्यांपैकी फक्त अधिकाऱ्यांची. साध्या हिंदी शिपायांचा नुसता पलटणवार आकडा कोरला. आमच्या घरी सरकारकडून आलेली ब्राँझची थाळी आहे, तिच्यावर तेवढं त्यांचं नाव. एका पावसाळ्यात ती वळचणीखाली बादलीवर झाकण म्हणून वापरात होती, हेही आत्याच सांगते.

फोटो एकच, कैरोच्या स्टुडिओतला. मागं रंगवलेल्या बागेचा पडदा, पुढं हाफ पँटीतले तिघे. मधले आजोबा. डावीकडचा खानापूरकडचा, तो इटलीतच राहिला, एवढं आत्याला माहीत आहे. तिसऱ्याबद्दल विचारलं तर ती बराच वेळ फोटोकडं बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, ‘‘ह्याचं आईला ठावं होतं.’’ आजीला जाऊन आता वीस वर्षं झाली.

म्हणून सीमाभागातल्या आपल्या घरांना एक विनंती. दुसऱ्या महायुद्धातलं पदक असेल तर त्याची कड पुसून बघा; हिंदी फौजेच्या पदकांवर शिपायाचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरत असत. पत्रं मोडीत असतील तर वाचणारी माणसं अजून आहेत, तोवर वाचून घ्या. आणि घरात कुणी नव्वदीतलं असेल, तर फोटो त्यांच्यापुढं धरा आणि ते सांगतील ती नावं पेन्सिलीनं मागं लिहून ठेवा.