सरकणारा षड्ज

पाश्चात्त्य अभिजात संगीताबद्दल माझं मत पक्कं होतं आणि ते सांगायला मला फार वेळ लागत नसे. त्यांचे स्वर पेटीचे, समान अंतरावर ठोकून बसवलेले. त्यांचं सगळं कागदावर, म्हणून उपज नाही. आणि त्यांना शंभर माणसांचा ताफा लागतो. रात्री एकटीने बसून ऐकावं असं ते संगीतच नव्हे. यातलं काहीही मी वाचून ठरवलेलं नव्हतं. ज्यांच्याकडे काही वर्षं ख्याल शिकले ते गुरुजी पियानोचं नाव निघालं की "गंधार चढा आहे त्याचा" एवढंच म्हणत, आणि विषय तिथे संपे.

गुरुजींचा कान खरा होता, हे आजही म्हणेन. तानपुऱ्याचा खर्ज नीट जुळला की त्यातून आपोआप एक गंधार उमटतो. अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले तर पियानोचा गंधार त्याच्याहून सुमारे चौदा भाग चढा असतो. तयार कानाला तो टोचतो. माझं मत बदललं ते याच्या पुढच्या पायरीवर. हा चढा गंधार युरोपला जन्मापासून चिकटलेला आहे, असं मी धरून चालले होते.

निवृत्तीनंतर झोप उडाली आणि रात्रीचं ऐकणं वाढलं. आमच्या इमारतीत शेजारच्या घरातली शिंक ऐकू येते, त्यामुळे आवाज अगदी बारीक ठेवावा लागे. दरबारी, मालकंस, सगळं लावून पाहिलं. पण आवाज कमी केला की दरबारीचा मंद्र नाहीसाच होतो; उरतो तो रागाचा सांगाडा. त्या सुमारास माझा भाचा नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला शिकत होता. तिथे ऑगस्टच्या अखेरीस जुन्या युरोपीय संगीताचा मोठा महोत्सव भरतो. तिथून त्याने मला क्लॅव्हिकॉर्डचं एक ध्वनिमुद्रण पाठवलं आणि बजावलं, "मावशी, आवाज तळाला ने. त्याहून मोठं हे वाद्य वाजतच नाही."

क्लॅव्हिकॉर्ड म्हणजे टेबलावर मावेल अशी तारांची लांबट पेटी. पट्टी दाबली की तिच्या दुसऱ्या टोकाला बसवलेला पितळी तुकडा तारेवर आपटतो आणि पट्टी दाबलेली असेपर्यंत तारेला टेकून राहतो. पियानोत हातोडी मारून मोकळी होते, पुढे वादकाचा त्या स्वराशी संबंध उरत नाही. इथे बोट अजून तारेवरच असतं. दाब थोडा वाढवला की स्वर चढतो, सोडला की उतरतो. बोट डोलवलं की स्वर डोलतो. कळफलकाच्या वाद्यावर आंदोलन! मी ते ध्वनिमुद्रण पुन्हा पहिल्यापासून लावलं. या वाद्याचा आवाज इतका नाजूक की दार लावलं तर बाजूच्या खोलीत पोचत नाही. हँडेलच्या पहिल्या चरित्रात, १७६० साली छापलेल्या, एक गोष्ट आहे: वडिलांना मुलाने वकील व्हावं असं वाटे, म्हणून हा पोरगा माळ्यावर लपवलेला क्लॅव्हिकॉर्ड घरातले झोपल्यावर वाजवत बसे. गोष्ट सजवलेली असेल, पण वाद्य मात्र त्या गोष्टीला शोभणारं आहे.

आणि त्या ध्वनिमुद्रणातला गंधार टोचत नव्हता. भाच्याला विचारलं तर त्याने वाद्य कसं लावलं होतं ते समजावलं. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपात कळफलकाची वाद्यं लावायची एक सर्रास पद्धत होती, मीनटोन. तिच्या मूळ रूपात गंधार तंतोतंत शुद्ध ठेवत, आणि त्याची किंमत पंचमाकडून वसूल करत. प्रत्येक पंचम पाचेक भागांनी उतरवायचा. तरीही बारा पट्ट्यांत हिशेब पुरा होत नाही. उरलेली सगळी तूट एका पंचमात साठते आणि तो असा केकाटतो की त्याला लांडगाच म्हणत. मग लांडगा येईल अशा ठिकाणी जायचंच नाही. काही वाद्यांत काळी पट्टी चिरून तिचे दोन तुकडे केलेले असत, म्हणजे एकाच जागी दोन वेगळे स्वर. समान अंतराची पद्धत पियानोवर रूढ झाली ती बरीच नंतर, एकोणिसाव्या शतकात. म्हणजे शुद्ध गंधार त्यांच्याकडे होता, त्यांनी तो वापरला, आणि सगळ्या पट्ट्यांत मोकळं फिरता यावं म्हणून जाणूनबुजून सोडला. आणि गंमत अशी की दिल्लीच्या रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहणारा जॉन फोल्ड्स हा इंग्रज संगीतकारच १९३८ मध्ये त्याच समान अंतराच्या हार्मोनियमविरुद्ध लेख लिहून गेला. १९४० मध्ये रेडिओवर पेटी बंद झाली, तेव्हा आपण स्वदेशी कानाचा विजय म्हणून टाळ्या वाजवल्या.

उपजेचंही तेच. फ्रेस्कोबाल्दी या इटालियन संगीतकाराने १६१५ च्या आपल्या तोकाता नावाच्या कळफलक-रचनांच्या प्रस्तावनेत वादकाला लय सैल सोडायला सांगितलं आहे, आणि तुकडा पुरा न वाजवता मध्येच थांबायचीही मुभा दिली आहे. त्या बरोक काळातल्या साथीदाराला तर सहसा फक्त खालची एक ओळ आणि तिच्याजवळ काही आकडे एवढंच मिळे. बाकीचं त्याने हाताने भरायचं. सगळ्यात मला भावला तो फ्रेंच संगीतकार लुई कूपराँ. हा १६६१ मध्ये वारला, तेव्हा पस्तिशीच्या आसपास होता. त्याचे हार्पसिकॉर्डसाठीचे काही प्रेल्यूद असे लिहिले आहेत की कागदावर ना मात्रा, ना ताल. नुसते गोल स्वर आणि त्यांना जोडणाऱ्या लांब वक्र रेषा. कुठे रेंगाळायचं, कुठे झरझर जायचं, हे वादकाने ठरवायचं. गुस्ताव लेओनहार्टने वाजवलेलं ऐकावं. एक स्वर येतो, थांबतो, त्याच्याभोवती दुसरे गोळा होतात आणि घाई कोणालाच नसते.

मी हरखून गेले. पुढे बराच काळ भेटेल त्याला सांगत सुटले की बघा, त्यांच्याकडेही आलाप होता. भाचा सुट्टीला आला तेव्हा त्यालाही हेच ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, आलापच ऐकायचा तर आलाप ऐक ना. ह्याच्याकडे कशाला जातेस?"

हे लागलं. कारण आधी मी ते संगीत आपल्यासारखं नाही म्हणून बाजूला सारत होते, आणि आता आपल्यासारखं आहे म्हणून कौतुक करत होते. दोन्ही वेळा मापाची पट्टी माझीच. शिवाय तुलना फार टिकतही नव्हती. कूपराँला राग मांडायचा नाही. त्याच्या स्वराला अर्थ येतो तो बरोबरीने वाजणाऱ्या इतर स्वरांमुळे, आणि तो घोळका सारखा बदलत असतो. तेव्हा मी ठरवून अशा संगीताकडे वळले ज्यात ओळखीचं काहीच सापडू नये. सोळाव्या शतकातलं अनेक आवाजांचं गायन. वाद्य नाही, मुखडा नाही, सम नाही, कोणी मुख्य गायक नाही.

विल्यम बर्डचा चार आवाजांचा मास, म्हणजे कॅथलिक उपासनेचं गायन, १५९० च्या दशकात छापला गेला, मुखपृष्ठाशिवाय आणि मुद्रकाच्या नावाशिवाय. इंग्लंडमध्ये कॅथलिक उपासनेला तेव्हा बंदी होती, धर्मगुरूला आसरा देणाऱ्याला मृत्युदंडाची तरतूद होती. बर्ड राणीच्या दरबारी चॅपलचा संगीतकार, आणि श्रद्धेने कॅथलिक. हे संगीत मोठ्या चर्चसाठी नव्हतंच. जमीनदारांच्या घरांत, आतल्या खोलीत, मोजक्या माणसांनी गायचं. शंभरांचा ताफा वगैरे माझं मत इथे कधी गळून पडलं ते कळलंही नाही.

या मासच्या शेवटच्या भागात, आन्यूस देईमध्ये, आधी दोनच आवाज गातात, मग तीन, शेवटी चारही. शेवटी शांती मागणारे शब्द येतात आणि तिथे एक गोष्ट घडते जी समजायला मला खूप रात्री लागल्या. एक आवाज एका स्वरावर थांबतो. लागला तेव्हा तो बाकीच्यांशी जुळलेला असतो. मग खालचा आवाज सरकतो आणि तोच, जराही न हललेला स्वर खुपायला लागतो. तो एक पायरी उतरतो, जुळतं. तोवर दुसरा कोणी तसाच अडकलेला असतो. असं एकामागून एक.

माझ्या कानाची सगळी शिकवण याच्या उलटी. आपल्याकडे तानपुरा अढळ. स्वर त्याच्यापासून दूर जातो, ओढ लावतो, परततो. इथे स्वर जागच्या जागी आणि षड्जच पायाखालून निघून जातो. हा स्वर कोणाचा कोण, निषाद की मध्यम, असं विचारण्यात अर्थ नाही. क्षणापूर्वी वेगळा होता, क्षणानंतर वेगळा असेल. सुरुवातीला मी एकेका आवाजाला धरून पाहिलं, तळाचा धरला की वरचा निसटायचा. चौघांना मिळून ऐकणं अजूनही मला अधूनमधूनच जमतं.

सगळंच आवडायला लागलं असं मात्र नाही. ऋतूंचे ते विवाल्दी लिफ्टमध्ये आणि फोनवर ताटकळताना इतके ऐकलेत की आता सहन होत नाहीत. हँडेलचे मोठमोठे कोरस सुरू झाले की मी बंद करते. बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स झोप न येणाऱ्या सरदारासाठी रचली, ही कथा तर मीही मिटक्या मारत सांगितलेली; पण रचना छापली गेली १७४१ मध्ये, कथा छापली गेली १८०२ मध्ये, ज्याने रात्री वाजवून दाखवली म्हणतात तो गोल्डबर्ग रचना छापली गेली तेव्हा चौदाएक वर्षांचा, आणि छापील प्रतीवर सरदाराला अर्पणपत्रिकाही नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर ती ऐकून मला झोप कधी आलेली नाही, तिसाव्या व्हेरिएशनपर्यंत मी टक्क जागी असते.

रात्रीच्या क्रमाबद्दल एक नियम मात्र मी पाळते. बर्ड आधी, दरबारी नंतर. उलटं करून पाहिलं आहे: तासभर तानपुरा कानात मुरल्यावर बर्डचे चौघे मला नुसते बेसूर वाटतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही हे पक्कं माहीत असूनही कान ऐकत नाही.