रिकाम्या दिवसाचं मशीन

भाद्रपद लागला की चौकाचौकांतून ताज्या फ्लेक्सचा वास येऊ लागतो. नाकाला झोंबणारा, जरा गोडसर, डोकं जड करणारा. हा वास शाईतल्या सायक्लोहेक्झॅनोनसारख्या द्रावकाचा. ते पीव्हीसीचा पृष्ठभाग किंचित मऊ करतं, रंगकणांना त्यात घट्ट बसवतं आणि स्वतः उडून जातं, म्हणून श्रावणधारांतही नेत्यांचे चेहरे धुऊन जात नाहीत. या वासानं मला मात्र दर वेळी एकच गोष्ट आठवते. जे द्रावक फ्लेक्सवरून उडतं, तेच मशीनच्या हेडच्या तोंडाशीही उडत असतं, छपाई चालू असो वा बंद. बोर्डाच्या दुकानातलं मोठं मशीन थकलं आणि त्याच्या जागी दुसरं घ्यायची वेळ आली की बोलणी वेगाची, रुंदीची आणि किमतीची होतात: तासाला किती चौरस फूट, पाच फुटी की दहा फुटी, हप्ता किती. हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते सगळे भरल्या दिवसाचे प्रश्न आहेत. मशीन निवडावं ते रिकाम्या दिवसावरून, असं माझं म्हणणं आहे.

हेड हा या यंत्राचा प्राण. आपल्याकडच्या दहा फुटी मशीनांत वर्षानुवर्षं चाललेलं कोनिका मिनोल्टाचं ५१२ जातीचं हेड घ्या. त्याला ५१२ छिद्रं असतात आणि प्रकारानुसार त्यांतून १४ किंवा ४२ पिकोलिटरचा थेंब सुटतो. पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. एवढासा थेंब ढकलतं कोण, हे सांगायला १८८० सालात जावं लागतं. झाक आणि पिएर क्युरी या विशीतल्या भावांनी तेव्हा दाखवून दिलं, की क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की त्यात विद्युतभार निर्माण होतो. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमन यांनी गणितानं उलट बाजू मांडली: वीज दिली तर स्फटिकानं आकार बदलायला हवा. क्युरी बंधूंनी तेही प्रयोगानं खरं करून दाखवलं. पिएर क्युरींचं नाव आपण रेडियममुळे घेतो, पण चौकातल्या फ्लेक्सचा ठिपकान् ठिपका त्यांच्या या आधीच्या शोधाचा ऋणी आहे. हेडमधला अशाच गुणाचा पदार्थ विजेच्या इशाऱ्यावर सेकंदाला हजारो वेळा आकार बदलतो आणि तितक्याच वेळा थेंब फेकतो. तो कामानं सहसा थकत नाही. त्याला मारते ती वाळलेली शाई. शाईत रंगकणांसोबत विनाइलची राळ असते. द्रावक उडून गेलं की छिद्राच्या तोंडाशी तिचा चिवट पापुद्रा उरतो. याला दुकानात ‘हेड चोक झालं’ म्हणतात. मग हेड वॉश, मग हेड भिजत ठेवणं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर नवं हेड. चार रंगांची चार किंवा आठ हेडं ज्या मशीनमध्ये असतात, तिथे हा खर्च मालकाचं कंबरडं मोडू शकतो.

आता या धंद्याचं कॅलेंडर पाहा. गणपती, नवरात्र, दिवाळी, लग्नसराई, जयंत्या आणि निवडणुका यांत मशीनला उसंत नसते. पण मतदान संपायच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबतो, आणि आदल्या रात्रीपर्यंत धडधडणारं मशीन एकाएकी गप्प होतं. आचारसंहितेच्या काळात सरकारी जाहिरातींचं काम आधीच आटलेलं असतं. आषाढातल्या मुसळधार पावसात बाहेर बोर्ड लावायला माणूस चढत नाही. तालुक्याच्या गावी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा दिवस वेगळाच. म्हणजे हा धंदा सलग वाहत नाही, तो लोंढ्यानं येतो आणि मध्ये कोरडा पडतो. विक्रेत्याच्या पत्रकावरचा वेग लोंढ्याचा असतो. मशीनचं आयुष्य मात्र त्या कोरड्या दिवसांत ठरतं. म्हणून नवं मशीन पाहायला जाण्याआधी मालकानं आपलीच जुनी बिलबुकं उघडावीत आणि वर्षभरात मशीन किती दिवस उभं होतं ते मोजावं. जुनं मशीन कामानं झिजलं की बसून बसून बिघडलं, याचं उत्तर तिथेच सापडतं.

या कसोटीवर वेगवेगळ्या शाया घासून पाहिल्या तर चित्र बदलतं. कडक सॉल्व्हंट शाई सर्वांत स्वस्त आणि उन्हापावसात टिकाऊ, पण झपाट्यानं उडणारी, म्हणून रिकाम्या दिवसाची वैरी. इको सॉल्व्हंटमधलं द्रावक सावकाश उडतं, वासही कमी. तरी त्या मशीनची वीज तोडून चालत नाही, कारण ते ठरावीक वेळानं स्वतःच हेड धुतं आणि त्यात शाई जाते. भाकड जनावरालाही वैरण लागतेच. एचपीनं २००८ साली आणलेली लेटेक्स शाई पाण्यावर आधारलेली आहे. तिचं हेड दुकानदार स्वतः काढून नवं बसवू शकतो, तेव्हा चोक झाल्याचं नुकसान आटोक्यात राहतं. मात्र शाई पक्की करायला उष्णता लागते, त्यामुळे वीजबिल वाढतं आणि पातळ माल तापून आकसतो. यूव्ही शाई हवेत वाळत नाही, अतिनील प्रकाशानंच घट्ट होते, म्हणून ती रिकामा दिवस बरा काढते. पण तोच प्रकाश परावर्तित होऊन हेडच्या तळाला लागला तर शाई तिथल्या तिथे जमते. तिच्या पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड जड असतं. न हलवता ठेवलं तर तळाशी बसतं. सर्वगुणसंपन्न असं मशीन नाही. प्रत्येक मशीन रिकाम्या दिवसाची किंमत वसूल करतं, कुणी शाईत, कुणी विजेत, कुणी हेडमध्ये. आपल्याला कुठली किंमत झेपेल, एवढंच निवडायचं असतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: गिऱ्हाईक थांबत नाही, सकाळी सांगतं आणि संध्याकाळी मागतं, वेग नसेल तर ते शेजारच्या दुकानात जाईल. हे खरं आहे. पण पत्रकावरचा सर्वांत मोठा आकडा बहुधा दोन पासच्या, म्हणजे हेडच्या दोनच फेऱ्यांच्या, घाईच्या छपाईचा असतो. हातभर अंतरावरून वाचायच्या पाटीला ती चालत नाही, जास्त पास द्यावे लागतात आणि वेग तितका उतरतो. शिवाय उशीर बऱ्याचदा छपाईत होतही नाही. तो कडा चिकटवण्यात, रिंगा मारण्यात, फ्रेमवर ताणण्यात आणि वर चढून बसवण्यात होतो. आणि लोंढा आलाच तर मोठ्या मशीनवाल्याकडून चौरस फुटाच्या दरानं जॉबवर्क करून घेता येतं. भरला दिवस उसना काढता येतो. रिकामा दिवस कुणी उसना घेत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो मला जास्त वजनाचा वाटतो. चिनी बनावटीचं मशीन स्वस्त मिळतं, हेड त्यातही बऱ्याचदा जपानीच असतं, गावात दुरुस्ती करणारा मिळतो, मग रोलँड किंवा मिमाकीसाठी जास्त पैसे का मोजायचे? याला माझं उत्तर ‘मोजाच’ असं नाही. एप्सनचं एक्सपी६०० सारखं छोटं, स्वस्त हेड लावलेलं साधं मशीन लहान दुकानाला शहाणपणाचं ठरू शकतं, कारण हेड गेलं तरी मालक बुडत नाही. ही निवड माझ्या कसोटीला धरूनच आहे: तिथे रिकाम्या दिवसाची किंमत आधीच मोजून बाजूला ठेवलेली असते. माझा विरोध स्वस्ताईला नाही. कर्जावर घेतलेल्या, महागड्या हेडांच्या आणि वर्षातले कित्येक दिवस झाकून ठेवाव्या लागणाऱ्या मशीनला आहे.

कारण अशा मशीनचा परिणाम दुकानाच्या भिंतीआड राहत नाही. हेड ओलं ठेवायला आणि हप्ता भरायला मालकाला काहीही छापावं लागतं, मिळेल त्या दरात. दर पडतो, शेजारी त्याखाली जातो, आणि गल्लीतल्या प्रत्येक वाढदिवसाला दहा फुटी फ्लेक्स परवडू लागतो. फलकांची हाव केवळ पुढाऱ्यांची नाही. न थांबू शकणाऱ्या यंत्रांचीही आहे. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी कोसळलेला फलक १२० फूट लांब आणि तितकाच उंच होता. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची. त्या दुर्घटनेत सतरा माणसं गेली. त्याचा दोष छापणाऱ्याचा नव्हे, पण रुंदी हेच मोठेपण मानण्याचं वळण आपण सर्वांनीच लावून घेतलं आहे. याउलट महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनं दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली आणि सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. तेव्हा आलेलं काम वेगळ्या जातीचं होतं: लहान, जवळून वाचायचं, वर्षानुवर्षं टिकायचं. देवनागरी मशीनची कठोर परीक्षा घेते. मजकूर रोलच्या रुंदीला समांतर छापला आणि एखादं छिद्र बंद असलं, तर रेघ नेमकी शिरोरेखेवर उमटू शकते. हेडच्या जाण्यायेण्याचा मेळ चुकला तर काना दुहेरी दिसतो. किराणा दुकानदार आपलं नाव त्या पाटीवर पोटच्या पोरासारखं जपतो. त्याचा काना सरळ उतरावा, ही मला या साऱ्या धंद्याची पहिली जबाबदारी वाटते.

म्हणून मशीन बदलायला निघालेल्या मालकाला माझं एवढंच सांगणं आहे. विक्रेत्याकडे भर दुपारी, तापलेल्या मशीनवरचा डेमो पाहू नका. त्याला शनिवारी संध्याकाळी मशीन बंद करायला सांगा आणि सोमवारी सकाळी तुमच्यासमोर सुरू करायला लावा. पहिली नोझल चेक, म्हणजे छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारी चाचणी छपाई, हातात घ्या, सगळी छिद्रं परत यायला किती शाई वाया गेली ते विचारा, हेडची किंमत आणि ते बदलणाऱ्याचं गाव लिहून घ्या. शेवटी आपल्या गावातल्या एखाद्या दुकानाचं नाव, जोडाक्षरांसकट, बारीक अक्षरात छापून मागा. जे मशीन सोमवारी सकाळी ते नीट छापेल, तेच घ्या.