अंगणातल्या खारूताईसाठी फीडर निवडताय?

ऑनलाइन 'स्क्विरल फीडर' शोधलंत की काय दिसतं? लाकडी पेटी, समोर काच आणि झाकण उचलून शेंगदाणे काढणारी गुबगुबीत राखाडी खार. फोटो गोड आहे, पण ती खार अमेरिकेतली, वजनाने साधारण अर्धा किलोची. जबलपूरला गोहलपुरात आमच्या अंगणात येते ती पाठीवर पाच पट्टे असलेली, 100 ग्रॅमच्या आसपासची चिमुकली खार. ते झाकण तिच्यासाठी दुकानाच्या शटरइतकं जड! म्हणून फोटो पाहून नाही, तर आपल्याकडची खार पाहून निवडा.

आमच्याकडे हा विषय निघाला तो आजीमुळे. गुडघेदुखीमुळे तिचं बाहेर जाणं थांबलंय. मागच्या दारात खुर्ची टाकून बसते, खारी आल्या की तिला गप्पा मारायला कुणीतरी मिळतं. पण वस्ती दाटीची, भिंतीला भिंत. शेजारच्या चाचींनी आधीच बजावलं होतं की दाणे ठेवाल तर उंदीर होतील. त्यांचं खरंच होतं. खार दिवसा वावरते. रात्री उरलंसुरलं खायला येतात ते उंदीरच.

त्यामुळे आठवडाभराचे दाणे मावणारी पेटी पहिल्यांदा बाद झाली. मग आम्ही मातीची उथळ परळ घेतली, सुतळीच्या शिंक्यात ठेवली आणि पेरूच्या फांदीवरून दोरी टाकून टांगली. दोरीचं दुसरं टोक आजीच्या खुर्चीजवळ बांधलं. खार फांदीवरून उतरते, मांजर तिथवर पोहोचत नाही आणि दिवेलागणीला आजी बसल्या जागी परळ खाली घेते. चाचींची तक्रार नाही, उलट त्याच कधी पेरूची फोड पाठवतात.

तुम्ही घेणार असाल, तर एवढं बघा:

प्लॅस्टिक टाळा. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे ती सतत कुरतडते. माती किंवा रंग-पॉलिश नसलेलं लाकूड उत्तम. पत्रा मे महिन्यात तापतो.

भिंत किंवा गच्चीचा कठडा जवळ नको, तिथून मांजर झेप घेते.

खाऊ मूठभरच आणि सकाळी. कच्चे, बिनमिठाचे शेंगदाणे, बाजरी, फळाची फोड चालते. फरसाण, बिस्किटं नकोत. पावसाळ्यात दाण्यांना बुरशी लागते आणि ती विषारी असू शकते, म्हणून ओले दाणे लगेच टाकून द्या.

उन्हाळ्यात शेजारी पाण्याची उथळ वाटी ठेवा.

आणि हो, खाऊ देणं म्हणजे पाळणं नव्हे. खारीला वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चं संरक्षण आहे. तिला पकडून पिंजऱ्यात ठेवू नका.

शेवटी, पैसे मोजण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे भांडं मी रोज रिकामं करून धुणार आहे का? उत्तर 'हो' असेल, तर दहा रुपयांची परळही पुरते.