आईची टीप

सुट्टीत औरादला आलेली नात अन् मी मोबाइलवर एआयसोबत गोष्ट रचत होतो. त्यातली पणजी म्हणजे माझी आई. मध्येच त्यानं आईला रात्री कांदाभजी खाऊ घातली! जीव चरकला.

नात म्हणाली, "आजी, गोष्ट लांबली की सुरुवात त्याच्या नजरेआड जाते. टीप मात्र दर वेळी पुढं राहते."

मी पानभर लिहिलं. तिनं छाटलं. "लांब टीप गोष्टीचीच जागा खाते. 'कांदा खात नाही' लिहिलंस, तर कांदाच मध्ये येतो. काय करते, ते लिही."

उरलं एवढंच : 'पणजी जैन. सूर्यास्ताआधी जेवते. पाणी गाळून पिते.'

बाकीची आई नातीला मीच सांगते.